कुणी न मारलेली हाक

कुंदाबाईंचं नाव आधी लिहितो. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणायला नको, की दत्ता उपकार विसरला. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज वर्गात शिरलो की मुलं उठून उभी राहतात, घराच्या दारावर नावाची पाटी आहे, आणि समोर कितीही मोठा माणूस असला तरी मला बोलताना घाम फुटत नाही. हे सगळं कुंदाबाईंमुळे झालं. राजगुरुनगरच्या कॉलेजात त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. त्या भेटल्या नसत्या तर मी आज चाकणच्या कुठल्यातरी शेडमध्ये पेट्या मोजत असतो. त्यात वाईट काही नाही, माझे अर्धे मित्र तेच करतात. पण मला ते करायचं नव्हतं, आणि हे ज्यांनी ओळखलं त्या कुंदाबाई.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. बारावी झाली की चाकणला कंपन्यांच्या गेटवर सकाळी उभं राहायचं, ठेकेदार घेऊन जातो. मी कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्या वर्षाच्या मध्यावरच घरात कुरबुर सुरू झाली. कुंदाबाईंना ते कळलं आणि एका रविवारी त्या एसटीने फाट्यावर उतरून, उन्हातून चालत आमच्या घरी आल्या. वडील ओट्यावर बसले होते. बाईंनी मी किती हुशार आहे ते सांगितलं. वडील सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हुशार हाय म्हंता. मग कंपनीत पन हुशारच ऱ्हाईल की. हुशारी काय उतू जातीय व्हय?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राहील. पण तिथे त्याला कुणी काही विचारणार नाही." वडिलांनी त्यावर बराच वेळ तंबाखू मळली. मग आत तोंड करून म्हणाले, "बाईंना जेवायला वाढा." आमच्याकडे होकार असाच देतात.

त्या दिवशी बाई पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात बसल्या. त्यांनी पाट नको म्हटलं, जमिनीवरच बसल्या. आईला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं. त्या स्वयंपाकघराबद्दल मला नीट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच सुरू झालं.

घरात गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरच व्हायची, आणि भाकरी सोनाआत्या करायची. सोनाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचा नवरा ट्रकवर होता. एका फेरीला गेला आणि दुसऱ्या गावी दुसरं घर करून राहिला. तो मेला नव्हता, हरवलाही नव्हता. गाव कोणतं तेही सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जन्माआधीच आत्या पेटी घेऊन भावाच्या घरी आली आणि राहिली. दिवसा ती चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायची. संध्याकाळी आली की हात राखेने घासायची, तरी तिच्या भाकरीला कांद्याचा किंचित वास असायचाच. मला अजूनही दुसरी भाकरी अळणी वाटते. काठवटीत पीठ मळल्याचा घसघस आवाज, मग थापल्याचा थपथप आवाज, मधूनच रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बसचा हॉर्न, आणि तव्यावर भाकरी फुगली की आत्याचा एक समाधानाचा हुंकार. पातीची भाजी, पिठलं, ठेचा. आम्ही ओळीने बसलेलो.

आणि कधीतरी, आठवड्यातून एखाद्या वेळेस, कधी लागोपाठ दोन संध्याकाळी, आत्या भाकरी थापता थापता एकदम थांबायची. मान दाराकडे वळवायची, पिठाचा हात गुडघ्याला पुसत अर्धवट उठायची आणि म्हणायची, "आले, आले."

बाहेर कुणी नसायचं.

मग ती पुन्हा बसायची आणि राहिलेली भाकरी पुरी करायची. बस, एवढंच. त्या क्षणी आमच्या घरात काय व्हायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला येत होतं. आई उलथण्याने तवा खरवडायला लागायची, खरवडण्यासारखं त्यावर काही नसलं तरी. वडील खोकायचे. मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचो, उंचावरून, आवाज होईल असं. कुणीही मान वर करायचं नाही. "काय झालं आत्या?" असं कुणी कधी विचारलं नाही. मी बराच मोठा झाल्यावर आई एकदाच बोलली, तीही कपडे पिळता पिळता: "त्यो ट्रक रस्त्यावरच हुबा करायचा. घरात यायचा न्हाई. तिथूनच हाक मारायचा तिला." एवढं बोलून तिने कपडे झटकले आणि दोरीवर टाकले.

आता कुंदाबाईंच्या नाटक मंडळीबद्दल. त्या मराठी कथा रंगमंचावर आणायच्या. लेखकाने लिहिलेलं जसंच्या तसं बोलायचं हा त्यांचा हट्ट. कथेतले संवाद नटांनी म्हणायचे, आणि मधली जी वाक्यं असतात, 'तो उठला', 'तिला वाईट वाटलं' अशी, ती निवेदकाने. मी निवेदक होतो. टेम्पोत दोन ट्रंका, एक बाकडं आणि आम्ही. पिंपरीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, निगडीला मंगल कार्यालयात, चाकणला कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात आम्ही प्रयोग करायचो. समोर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं, मागे भांडी घासल्याचा आवाज. जन्मात कथा न वाचलेली ती माणसं कथा ऐकताना चहा प्यायची विसरायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. सुरुवातीला माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं की मी लाजून थांबायचो. बाई म्हणाल्या, "घरी न्हाई म्हण, इथे नाही म्हण, आणि दोन्हीकडे मान वर ठेव." हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. बाईंचं म्हणून सांगतो.

त्यांची तालमीची एक पद्धत होती. दर तालमीला प्रत्येकाने एक माणूस घेऊन यायचा. म्हणजे खरा माणूस नव्हे, त्याची चाल, त्याची लकब. "माणूस आणलात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग कुणी बस कंडक्टर आणायचा, कुणी घरमालक, कुणी रिक्षावाला. मला ते कधी धड जमलं नाही. बाई म्हणायच्या, "तू वाक्यंच सांभाळ."

माझ्या शेवटच्या वर्षी त्यांनी एक कथा निवडली. नवऱ्याची वाट बघणाऱ्या एका बाईची. कथेत ती जवळजवळ काहीच करत नाही, नुसती असते. पल्लवी नावाची मुलगी ते काम करायची, ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकणारी, फार गुणी. पण प्रयोग काही उभा राहीना. बाई वैतागून म्हणायच्या, "वाट बघणं कागदावर दिसतं, इथे दिसत नाही. तिला काहीतरी करायला हवं." त्या दिवसांत त्या आमच्या घरी तीन-चारदा आल्या. वातावरण बघायला, म्हणाल्या. आत्याशेजारी बसून त्यांनी भाकरी थापून बघितली, ती मोडली, आत्या हसत म्हणाली, "बाई, तुमी पोरंच शिकवा." एका संध्याकाळी त्या असतानाच आत्या थांबली, वळली, अर्धवट उठली. "आले, आले." आईने तवा खरवडला. वडील खोकले. मी पाणी ओतलं. आणि मला दिसलं, की आम्ही सगळे खाली बघत असताना कुंदाबाई मात्र मान वर करून बघत होत्या.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुण्या होत्या. त्यांना आमच्या घराची रीत काय माहीत.

मग माझी परीक्षा आली. मी तालमींना जाणं थांबवलं. मी नसताना दुसऱ्याला उभं करून निगडीला आणि चिंचवडला प्रयोग झाले आणि म्हणे फार रंगले. परीक्षा संपल्यावरचा पहिला प्रयोग चाकणला, एका शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी. सकाळी बाई मला म्हणाल्या, "तुझी वाक्यं तीच आहेत. एकच नवीन आहे. पल्लवी अर्धवट उठून परत खाली बसेल, तेव्हा थोडं थांब, हशा ओसरू दे, आणि म्हण: हाक कुणी मारलेलीच नव्हती." मला वाक्य आवडलं. मला ते लेखकाचंच वाटलं, आधी आपल्याकडून राहून गेलेलं. आमच्या घरी ती गोष्ट कधी वाक्यात आलीच नव्हती, म्हणून ते वाक्य ऐकून मला घर आठवलं नाही.

बाईंनी आमच्या घरच्यांना स्वतः निरोप पाठवला होता, आणि सोनाआत्याला पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसवलं होतं. आत्याने जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मागे आमच्या गावची बरीच मंडळी होती, शेजारचा किसन होता, त्याच्या कंपनीतली पोरं होती. पडद्याआडून मला आत्या दिसली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून ताठ बसली होती, फोटो काढायला बसतात तशी.

पल्लवी मांडी घालून भाकरी थापायला लागली. खोटं पीठ, खोटी चूल. थपथप आवाज मात्र खरा, आमच्या घरातला. मग ती थांबली. मान दाराकडे वळली. हात गुडघ्याला पुसला. "आले, आले."

आवाजसुद्धा आत्याचा. त्यातला तो घाईचा, थोडा खुशीचा सूर, जो मला वाटायचं आम्हा चौघांशिवाय जगात कुणालाच माहीत नाही.

सभागृह हसलं. मोकळं, निरोगी हसू होतं ते, त्यांच्यावर माझा राग नाही. बाई उठते, कुणी नाही, बसते. हसण्यासारखंच बसवलं होतं. मी थांबलो, सांगितल्याप्रमाणे. हशा ओसरला. आता माझं वाक्य. मी आत्याकडे पाहिलं. ती आधी डावीकडे वळून बघत होती, मग उजवीकडे, आणखी कुणाला ऐकू आलं का ते बघत असल्यासारखी. मग तिने पदर पुढे ओढला.

मी वाक्य म्हटलं नाही.

विंगेतून बाई कुजबुजल्या, "दत्ता. वाक्य." मी गप्प. पल्लवीला वाटलं मी विसरलो. कुठलीही चांगली नटी करेल तेच तिने केलं, मला इशारा पुन्हा दिला. थांबली, वळली, हात पुसला, उठली, जरा मोठ्याने म्हणाली, "आले, आले." लोक दुप्पट हसले. मी गप्प. "दत्ता!" विंगेतून. पल्लवीच्या कपाळावर घाम दिसला. तिने तिसऱ्यांदा केलं. आता लोक तिच्या उठण्याआधीच हसायला लागले होते, आणि मागून किसन ओरडला, "आयला, ही तर आपली सोनाआत्या!" आमच्या गावची रांगच्या रांग हसली. कारण त्यांनाही माहीत होतं. ओट्यावर बसणाऱ्या शेजाऱ्यांना काय माहीत नसतं? तेही इतकी वर्षं आमच्यासारखंच खाली बघत आले होते. त्या दुपारी त्यांना वर बघायची परवानगी मिळाली.

मागाहून मंडळीतला एक जण मला म्हणाला, तू वाक्य म्हटलं असतंस तर ते एकदाच होऊन गेलं असतं. म्हणू देत. ते वाक्य आत्यासमोर म्हणायची जीभ मला कुंदाबाईंनी दिली असेल, पण ती वापरायची नाही हे मी आमच्या स्वयंपाकघरात शिकलो होतो.

तेव्हा सोनाआत्या उठली. हळूहळू, खुर्चीचा आधार घेत. मला वाटलं आता ती निघून जाईल. ती दोन पावलं पुढे आली आणि पल्लवीला, आपल्याच घरातल्या पोरीला म्हणावं तसं म्हणाली, "अगं, जा की आता. मघापासनं हाका मारतुया कुणीतरी. जा."

 पल्लवीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, या वेळी पुरी उठली, आणि दारातून बाहेर गेली. मी मंचावरून खाली उतरलो, आत्याचा हात धरला आणि आम्ही मधल्या वाटेने बाहेर पडलो. तिचा हात गार होता. कांद्याचा वास येत होता.

आईवडिलांबरोबर तिला रिक्षात बसवलं. मी टेम्पोपाशी चपला घ्यायला गेलो तर कुंदाबाई आल्या. मला वाटलं त्या आत्याबद्दल विचारतील.

"तू प्रयोग मोडलास," त्या म्हणाल्या.

"बाई, ती समोर बसली होती."

"मीच बसवली होती. तिचा मान होता तो. कुणाच्या वाट्याला येतं हे, सांग मला? इतकी वर्षं ती बाई वाट बघतेय आणि तुम्ही तवे खरवडताय. तिचं दुःख तुम्ही भांड्यांच्या आवाजाखाली दाबत होतात. मी ते माणसांसमोर नेलं."

"दाबत नव्हतो बाई. झाकत होतो."

"त्यात काय फरक आहे?"

 माझ्या भाषेच्या शिक्षिकेला मी हा फरक सांगायचा होता. मी म्हटलं, "तिला विचारलं होतं का?"

"विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती," बाई म्हणाल्या. आणि त्या खरंच असं म्हणाल्या, जणू काही ते त्यांच्याच बाजूचं कारण होतं. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "तू फार जवळून बघतोयस. कलावंत व्हायचं की भाचा, ते एकदा ठरव."

मी चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो.

इथेच थांबलं असतं तर मी कदाचित हे प्रकरण लिहिलं नसतं. चूक झाली, वेळ गेली, असं म्हटलं असतं. पण पुढच्या प्रयोगापासून बाईंनी आत्याचं ते बोलणंही नाटकात घेतलं. प्रेक्षकांत पुढच्या रांगेत एक नटी बसवायची, हिरव्या लुगड्यात. ती तिसऱ्या वेळी उठायची आणि म्हणायची, "अगं, जा की आता." लेखकाचा शब्द न बदलणाऱ्या बाईंनी लेखकाचा शेवट काढून टाकला आणि हा घातला. नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. लोक त्या शेवटाबद्दल अजून बोलतात. परवा माझ्याच शाळेतला एक तरुण शिक्षक मला सांगत होता, की प्रेक्षकांतून बाई उठते ती कल्पनाच किती भन्नाट आहे सर. मी त्याला म्हटलं, कल्पना नाही ती. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

आणि घरी? त्या रविवारनंतर सोनाआत्या पुन्हा कधी थांबली नाही. एकदाही नाही. भाकरी थापायची, सरळ खाली बघत, एकामागून एक. आम्ही कितीतरी दिवस वाट बघत होतो. हो, आता आम्ही वाट बघत होतो. रस्त्यावर बस थांबली की वडील खोकायच्या तयारीत असायचे, माझा हात तांब्याकडे जायचा. ती मान वळवायची नाही. कुणी हाक मारत नाही हे तिला आधीही माहीत होतं, मला खात्री आहे. पण ते माहीत असूनही आठवड्यातून एकदा खुशीत उठायची जी एक जागा तिच्यापाशी उरली होती, ती गेली. नाटकाच्या तिकिटाला गेली.

यंदा कुंदाबाईंचा मोठा सत्कार ठरला आहे. त्याच नाटकाचा प्रयोग आहे, जुन्या मंडळींसह, आणि मी निवेदक म्हणून उभं राहावं असं त्यांचं स्वतःच्या हातचं पत्र आलं. 'ते राहिलेलं वाक्य आता तरी म्हणशील,' असं त्यात शेवटी गमतीने लिहिलं होतं. मी जे उत्तर पाठवलं ते असं:

तीर्थस्वरूप बाईंना सा. न.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला बरं नसतं असं ऐकतो, काळजी घ्यावी.

मी येणार नाही. शाळेला सुटी नाही असं लिहिणार होतो, पण तुम्ही मला खोटं लिहायला शिकवलं नाही.

मला तुम्ही जे दिलं ते मी रोज वापरतो आणि रोज तुमचं नाव घेतो. ते तसंच राहील. पण तुम्ही आमच्या घरून जे नेलं तेही तसंच राहिलं आहे. तुम्ही ते अजून परत केलेलं नाही. ते आता परत करता येत नाही हे मला कळतं. निदान ते दाखवणं थांबवा. पल्लवीला सांगा, नुसतं बसून राहा. कथेत ती बाई नुसतीच बसते. तुम्ही म्हणायचात ते मंचावर दिसत नाही. मी सांगतो, दिसतं. मी इतकी वर्षं बघतोय.

वाक्य मी तेव्हाही विसरलो नव्हतो.

सोनाआत्या आहे. आता तिला कमी दिसतं, पण भाकरी तीच करते. तुम्ही कधी घरी याल तर ती तुम्हाला जेवू घालेल, तिने तुमच्याबद्दल कधी वावगा शब्द काढलेला नाही. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्ची देऊ. फक्त एक सांगून ठेवतो. जेवताना आई मधूनच तवा खरवडायला लागते. आता झाकायला काही उरलेलं नाही, तरी तिच्या हाताची सवय गेलेली नाही. ती खरवडायला लागली की आम्ही सगळे खाली बघतो.

त्या वेळी तुम्हीही खाली बघा.

आपला विद्यार्थी,
दत्ता